बोलका स्पीकर आणि तीन प्रवीण कुमार

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईतल्या लोकांची सोय. गाणी, गजर आणि टायमर यांसाठी पाचपैकी चार तारे. माहिती विचारण्यासाठी दोन, आणि त्यातला एक मनाचा मोठेपणा म्हणून. वस्तू पाच हजारांच्या आतली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नणंदेकडे दुसऱ्या कंपनीचा स्पीकर आहे, त्यालाही मी हेच प्रश्न विचारले आणि दोघांची खोड एकच निघाली.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. कॉलेजात कबड्डी खेळले, डावा कोपरा. दरवर्षी 29 ऑगस्टला, ध्यानचंदांच्या जयंतीला, आमच्याकडे क्रीडा प्रश्नमंजुषा असते आणि तिचे प्रश्न काढणं हे माझं काम. भाकरी थापता थापता एखादं साल, एखादं गाव विचारून घ्यावं, हात धुऊन फोन उचलायला लागू नये, एवढ्याचसाठी हा स्पीकर घेतला. यंदा प्रश्नांची एक फेरी अशी ठरवली होती की नाव एक आणि माणसं दोन किंवा तीन. दोन खुणा द्यायच्या आणि मुलांनी सांगायचं की हा त्यातला कोणता. त्यामुळे स्पीकरची परीक्षा आपोआपच सगळ्यात अवघड पेपरावर झाली.

यंत्राबद्दल थोडक्यात. आकार लाडवाच्या छोट्या डब्याएवढा, वर निळा दिवा गोल फिरतो. आवाज स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली भरून काढतो. मैदानावर नेलात तर लेझीमच्या मुलींच्या गलक्यात काही ऐकू येणार नाही. आत बॅटरी नाही, त्यामुळे लाइट गेली की हा गेला, आणि परत आल्यावर इंटरनेटशी जुळवून घेण्यात बराच वेळ घालवतो. माइक बंद करायचं बटण आहे, ते चांगलं. सूर्यनमस्काराच्या आवर्तनांसाठी टायमर लावायला मला रोज उपयोग होतो. खोक्यावर भाषा लिहिल्यात इंग्रजी आणि हिंदी. मराठी नाही. मराठीत बोललं तर कधी कळतं, कधी नाही. एकदा ‘मारुती माने’ विचारलं तर त्याने मारुतिस्तोत्र लावलं. कवठेपिरानचे हिंदकेसरी मारुती माने, 1962च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुस्तीचं सुवर्ण आणतात, आणि माझ्या ओट्यावर ‘भीमरूपी महारुद्रा’ सुरू. सासूबाई खूश झाल्या, मी नाही.

तेव्हापासून त्याच्याशी हिंदीत बोलते.

आता मुख्य गोष्ट. पहिलं नाव विचारलं ते दीपक हुडा. मी कबड्डीवाली, त्यामुळे माझ्या डोक्यात दीपक निवास हुडा, 2017च्या प्रो कबड्डी हंगामातला पुणेरी पलटणचा कर्णधार, 2020चा अर्जुन पुरस्कार. चढाई करतो, गरज पडली तर पकडीलाही उभा राहतो. स्पीकरने सांगितला क्रिकेटवाला दीपक हुडा, ज्याने जून 2022मध्ये आयर्लंडविरुद्ध टी-ट्वेंटीत शतक ठोकलं होतं. तो काही ऐरागैरा नाही, मान्य. दोघेही हरियाणातल्या रोहतकचे, वयही जवळपास सारखं, म्हणजे गोंधळाला पुरेपूर वाव आहे. माझी तक्रार गोंधळाची नाहीच. गोंधळ झाला असता तर बरं वाटलं असतं. स्पीकरला जराही शंका आली नाही. ठणठणीत आवाजात त्याने एक माणूस निवडला आणि मोकळा झाला.

आमच्या सातवीत दोन प्रतीक्षा पाटील आहेत. हजेरीला नाव पुकारलं की कुठलीही बाई ‘कुठली गं?’ असं विचारते आणि मग बापाच्या नावाने वेगळी करते. पाच हजारांच्या यंत्राला तेवढं एक वाक्य शिकवलेलं नाही.

‘दीपक हुडा कबड्डी’ म्हटलं की बरोबर उत्तर येतं, हेही सांगायला हवं. म्हणजे माहिती पोटात आहे. पण ज्याला दुसरा दीपक हुडा असतो हेच ठाऊक नाही, तो ‘कबड्डी’ हा शब्द जोडेल कशाला? आणि बिनशब्दाचा प्रश्न दर वेळी क्रिकेटकडेच का जातो, हे मी कबड्डीवाली म्हणून विचारणारच.

मनप्रीत सिंगच्या वेळी क्रिकेट हरलं, याचा मला थोडा असुरी आनंद झाला. तिथे हॉकीवाला आला. टोकियोत जर्मनीला 5-4 हरवून 41 वर्षांनी हॉकीचं ऑलिंपिक पदक आणणाऱ्या संघाचा कर्णधार, म्हणजे तो पहिला यावा यात गैर काही नाही. आयपीएलच्या पहिल्या वर्षी चेन्नईकडून गोलंदाजी करणारा मनप्रीत गोनी पार मागे पडला. आणि कबड्डीचा मनप्रीत सिंग? तो तर नावानिशीही आला नाही. 2016 साली पाटणा पायरेट्सनी पहिलं विजेतेपद मिळवलं त्या संघात तो खेळाडू होता. पुढे प्रशिक्षक झाला आणि डिसेंबर 2024मध्ये पुण्यात बालेवाडीला हरियाणा स्टीलर्सने अंतिम सामन्यात त्याच पाटण्याला हरवलं तेव्हा हरियाणाच्या बाकावर तोच बसला होता. बसला होता म्हणणं चूक, तो बसत नाही. मांडी ठोकत, ओरडत, सामनाभर उभा असतो. असा माणूस स्पीकरच्या लेखी ‘माफ कीजिए, मुझे नहीं पता’. नणंदेच्या यंत्राने निदान हरियाणा स्टीलर्सचं नाव घेतलं.

सगळ्यात जास्त वेळ माझा प्रवीण कुमारांमध्ये गेला, आणि हे उदाहरण मी कुणालाही दोन्ही हात वर करून सुचवीन, कारण इथे तिघेही खेळाडू आहेत. एक मेरठचा स्विंग गोलंदाज. 2011 साली लॉर्ड्सवर एका डावात पाच बळी घेतले. वेग बेताचा, पण चेंडू दोन्ही बाजूंनी वळायचा. दुसरा जेवरचा उंच उडीपटू. जन्मतः एक पाय आखूड, टोकियो पॅरालिंपिकमध्ये 2.07 मीटरची उडी घेऊन रौप्य आणि पॅरिसला 2.08 मीटरवर सुवर्ण. आणि तिसरा म्हणजे टीव्हीवरच्या महाभारतातला भीम. माझ्या वयाच्या बहुतेकांना प्रवीण कुमार सोबती म्हणजे गदा आणि ती भलीथोरली छाती एवढंच आठवतं. पण तो माणूस गदा हातात घेण्याच्या कितीतरी आधी थाळी आणि हातोडा फेकत होता. 1966 आणि 1970, दोन्ही आशियाई स्पर्धा बँकॉकला झाल्या आणि दोन्हींत थाळीफेकीचं सुवर्ण त्याचं. 1966लाच किंग्स्टनच्या राष्ट्रकुल स्पर्धेत हातोडाफेकीचं रौप्य. 1968 आणि 1972 अशी दोन ऑलिंपिक खेळला. सीमा सुरक्षा दलात नोकरी. फेब्रुवारी 2022मध्ये गेला तेव्हा बातम्यांचे मथळे भीम गेल्याचे होते, बँकॉकची सुवर्णपदकं खाली कुठेतरी.

स्पीकरला विचारलं, ‘प्रवीण कुमार कौन है?’ उत्तर गोलंदाजाचं. ठीक. मग मुद्दाम विचारलं, ‘प्रवीण कुमार ने कितनी ऊँची छलाँग लगाई?’ तर त्याने सोबतींची शारीरिक उंची सांगितली. म्हणजे प्रश्न उडीपटूबद्दल, आधीचं बोलणं गोलंदाजाबद्दल आणि उत्तर भीमाबद्दल. आमच्या स्वयंपाकघरात एका मिनिटात तीन प्रवीण कुमार हजर झाले आणि एकालाही आपलं उत्तर मिळालं नाही. माझा मुलगा पोट धरून हसला. मी मात्र लगेच वही काढली, कारण असा आयता प्रश्न पुन्हा मिळायचा नाही.

मुलांसमोर ही खूण ठेवली तेव्हा नववीतली एक मुलगी चटकन उडीपटू म्हणाली. गोलंदाज कुणालाच आठवला नाही, त्याला खेळणं सोडून इतकीही वर्षं झालेली नाहीत. भीम फक्त शिपाईमामांनी ओळखला, तेही दारात उभे राहून. प्रसिद्धी कोणाची जास्त, हे विचारणाऱ्याच्या वयावर ठरतं, आणि गावावरही. आमच्या सांगलीत नुसतं ‘स्मृती’ म्हटलं की मानधना. ती इथेच वाढली, तिच्याबद्दल बोलताना इथे कुणी आडनाव लावत नाही. स्पीकरने मात्र मला स्मृती इराणींची मंत्रिपदं ऐकवली. दिल्लीच्या माणसाला ते उत्तर बरोबर वाटेल. पण यंत्राला मी पत्ता दिलाय, पिनकोड दिलाय, हवामान विचारलं तर तो सांगलीचंच सांगतो. मग माणूस विचारल्यावर हा पिनकोड कुठे जातो?

सचिनच्या बाबतीत त्याला दोष देणार नाही. ‘सचिन’ म्हटल्यावर तेंडुलकर सांगितला नसता तर मी खोकं परत केलं असतं. रमेश तेंडुलकरांनी मुलाचं नाव सचिनदेव बर्मन यांच्यावरून ठेवलं, म्हणजे आपण ज्याला मूळ धरतो त्याचंही नाव कुणावरून तरी ठेवलेलं आहेच. ‘सचिन गोलाफेंक’ म्हटलं आणि क्षणात सचिन सर्जेराव खिलारी आला. आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा, पॅरिस पॅरालिंपिकमध्ये गोळाफेकीचं रौप्य, फेक 16.32 मीटर. गाव, वडिलांचं नाव, अंतर, सगळं बिनचूक. इथे मी टाळी वाजवली, तर त्याला ती आज्ञा वाटली की काय कोण जाणे, आवाज वाढला.

पण अर्धवट माहितीपेक्षा भयंकर असते दोन माणसांची खिचडी, आणि ती झाली बलबीर सिंग यांची. इथे यंत्राला थोडी दयाबुद्धी दाखवायला हवी, कारण भारतीय हॉकीत बलबीर सिंग हा एकट्यादुकट्याचा मामला नाही. सगळ्यात मोठे बलबीर सिंग सीनियर. 1948, 1952 आणि 1956 अशी तीन ऑलिंपिक सुवर्णं. हेलसिंकीच्या अंतिम सामन्यात भारताने नेदरलँड्सला 6-1 हरवलं, त्या सहांपैकी पाच गोल यांचे. ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात पुरुषांत एवढे गोल अजून कुणी केले नाहीत. ‘सीनियर’ ही शेपटी मुळात बाकीच्या बलबीरांमुळे लागली. आणि बाकीचे किती, तर 1968च्या मेक्सिको ऑलिंपिकला एकाच भारतीय संघात तीन बलबीर सिंग होते! एक पंजाबचा, एक सेनादलाचा, एक रेल्वेचा. त्यांतले पहिले दोघे तर आडनावानेही कुलार आणि दोघेही जालंधरजवळच्या एकाच संसारपूर गावचे. रेडिओवर धावतं वर्णन करणाऱ्याने काय केलं असेल, हे मनात आणून पाहा. बलबीरने चेंडू बलबीरकडे दिला, बलबीर पुढे सरसावला, आणि ऐकणारा सरदारजी घरात डोकं धरून बसलेला. त्या संघाने कांस्य आणलं. माणसं वेगळी ओळखायला तेव्हा साधा उपाय होता, नावापुढे संघ किंवा नोकरी लावायची. पोलिसातला, लष्करातला, रेल्वेतला.

माझ्या स्पीकरने बलबीर सिंग म्हणून सीनियरांची तीन सुवर्णं सांगितली आणि त्यांना जोडून मेक्सिकोचं कांस्यही दिलं. शिवाय मृत्यू फेब्रुवारी 2020. तो महिना संसारपूरच्या पोलीसवाल्या बलबीरांचा. सीनियर गेले त्याच वर्षी 25 मे रोजी. म्हणजे एका माणसाची पदकं, दुसऱ्याचं पदक आणि दुसऱ्याचीच तारीख असा एक तिसराच बलबीर त्याने घडवला. ही चूक मला सगळ्यात जास्त खुपली. दीपक हुडाच्या वेळी निदान समोर आला तो माणूस खरा होता. हा बलबीर कधी जन्मलाच नाही, आणि एखाद्या मुलाने हे ऐकून वहीत उतरवलं तर त्याला तो आयुष्यभर खराच वाटणार.

हॉकीवरून आठवलं. 1975चा विश्वचषक भारताने क्वालालंपूरला पाकिस्तानला 2-1 हरवून जिंकला, तेव्हा संघाचे व्यवस्थापक बलबीर सिंग सीनियर होते आणि विजयी गोल ध्यानचंदांच्या मुलाने, अशोक कुमारने केला. आता ‘अशोक कुमार’ विचारा आणि काय होतं बघा. गाणं लागतं. विचारलंच नव्हतं, तरी लागतं. दादामुनींबद्दल, म्हणजे सिनेमातल्या अशोक कुमारांबद्दल, मला आदर आहे, पण ध्यानचंदांच्या जयंतीच्या कार्यक्रमाची तयारी करताना ध्यानचंदांचाच मुलगा सापडू नये, याला काय म्हणायचं?

काही नावं त्याने छान सांभाळली. हरमनप्रीतच्या बाबतीत ‘सिंग’ की ‘कौर’ एवढं म्हटलं की पुरतं. एक हॉकीचा कर्णधार, पॅरिसला दहा गोल, कांस्यपदकाच्या सामन्यात स्पेनविरुद्धचे दोन्ही गोल त्याचेच. दुसरी क्रिकेटची कर्णधार, 2 नोव्हेंबर 2025ला नवी मुंबईत विश्वचषक उचलला. दोन्ही उत्तरं स्वच्छ. रिंकू सिंगला त्याने क्रिकेटवाला सांगितला, शेवटच्या पाच चेंडूंवर पाच षटकार मारणारा अलीगढचा रिंकू, आणि मी ‘बेसबॉल’ म्हटल्यावर दुसरा रिंकू सिंगही बरोबर काढला. भालाफेक करणारा हा उत्तर प्रदेशातलाच पोरगा 2008च्या एका चेंडूफेक स्पर्धेतून अमेरिकेत पोचला, पिट्सबर्ग पायरेट्सशी करार केला, आणि पुढे डब्ल्यूडब्ल्यूईच्या आखाड्यात ‘वीर महान’ झाला. ही गोष्ट मुलांना इतकी आवडली की पुढचा प्रश्न विचारायला मला शिट्टी वाजवावी लागली.

अझरुद्दीनच्या बाबतीत मात्र बोलक्या यंत्राची एक मूळची अडचण कळली. केरळच्या कासरगोडचा मोहम्मद अझरुद्दीन, ज्याचं नाव थोरल्या भावाने हैदराबादच्या अझरुद्दीनवरून ठेवलं, त्याने जानेवारी 2021मध्ये वानखेडेवर मुंबईच्या गोलंदाजांना 54 चेंडूंत नाबाद 137 धावा कुटल्या. कागदावर दोघांच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी फरक आहे, त्यामुळे धावफलकात चुकायला होत नाही. कानाला तो फरक नाही. बोलून विचारणाऱ्याने करायचं काय? मी राज्य जोडलं, ‘केरल’ म्हटलं, तेव्हा जमलं.

उलट कधी कधी आपल्या बोलण्याच्या ढंगानेही माणूस बदलतो. ‘सुशीलकुमार’ मी आपल्या पद्धतीने एका दमात म्हटलं तर सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे आले. मध्ये श्वास घेऊन ‘सुशील... कुमार’ म्हटलं तर दोन ऑलिंपिक पदकांचा पैलवान. 2011 साली ‘कौन बनेगा करोडपती’त पाच कोटी जिंकलेला मोतीहारीचा सुशील कुमार मला कुठल्याच श्वासाने मिळाला नाही. माझ्या मुलाने बराच वेळ निरनिराळे श्वास घेऊन पाहिले.

घ्यावा की नाही? घरात म्हातारी माणसं असतील, गाणी, अभंग, औषधांच्या वेळा यांसाठी हवा असेल, तर बिनधास्त घ्या. सासूबाईंना बटणं दाबायला लागत नाहीत यातच त्याचे पैसे वसूल झालेत. मुलांच्या अभ्यासासाठी, प्रश्नमंजुषेसाठी किंवा कार्यक्रमातल्या पाहुण्यांची ओळख लिहिण्यासाठी घेणार असाल तर नावाबरोबर खेळ, राज्य आणि जमलं तर साल जोडून विचारा, आणि आलेलं उत्तर दुसरीकडे ताडून घ्या. विशेषतः नाव कुमार, सिंग, खान किंवा पाटील असेल तर. पाटलांचं सांगायचं राहिलं. ‘विजय पाटील’ विचारलं तर मुंबई क्रिकेट असोसिएशनचे माजी अध्यक्ष मिळाले, ते बरोबरच. पण रामलक्ष्मण या नावाने ज्यांनी चित्रपटांना संगीत दिलं त्या नागपूरकरांचंही मूळ नाव विजय पाटील, हे यंत्राने आपण होऊन काही सांगितलं नाही. त्यांची गाणी मात्र मागितली की एकापाठोपाठ एक लावतो.

एक सोय अजून. फोनवरच्या त्याच्या ॲपमध्ये उत्तराखाली अंगठा वर किंवा खाली करता येतो. मी बलबीर सिंगांच्या उत्तराला अंगठा खाली दिला आणि काय चुकलं तेही लिहून पाठवलं. अजून उत्तर तेच येतंय. बदललं की इथेच खाली लिहीन आणि माहितीचा तिसरा तारा देईन.